चाक बदलण्याची हत्यारं आणि घर्षणाचा हिशेब

पहिल्यांदा स्वतः चाक बदलायला बसलो तेव्हा मी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी जॅक लावला, गाडी मस्त वर उचलली, घाम पुसला आणि मग नटाला पाना लावून जोर दिला. नट जागचा हलला नाही, चाक मात्र गरकन फिरलं. पुढचं चाक होतं, हँडब्रेकचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मग एका हाताने टायर धरून दुसऱ्या हाताने पाना ओढायला गेलो, तशी गाडी जॅकवर किंचित डोलली. ते डोलणं अजून डोळ्यांसमोर आहे. मुकाट्याने गाडी खाली घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आपली ताकद कमी पडली, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. खरी अडचण अशी होती की घर्षण कुठे हवं आणि कुठे नको, हेच मला कळलेलं नव्हतं. नट रिमला चिकटून बसतो तो घर्षणामुळे. जमिनीवर टेकलेलं चाक पान्याच्या जोराने फिरत नाही ते घर्षणामुळे. वर चढवलेला जॅक आपोआप खाली येत नाही, पाचर लावलेलं चाक पुढे सरकत नाही, तेही त्यामुळेच. आणि पळत्या गाडीचं चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसवलेलं असतं त्या फिरत्या भागाला, धरून राहतं तेसुद्धा मुख्यतः घर्षणाच्याच जिवावर. डिकीतलं प्रत्येक हत्यार एक तर घर्षण मोडण्यासाठी आहे, नाही तर ते कामाला लावण्यासाठी. यातलं कोणतं कशासाठी हे एकदा डोक्यात बसलं, की किरकोळ अंगाचा माणूसही अर्ध्या तासात चाक बदलून हात धुतो.

पाना: सगळा लांबीचा खेळ

गाडीबरोबर बहुधा एल आकाराचा पाना येतो. एका टोकाला नटावर बसणारं सॉकेट, दुसरं टोक बऱ्याचदा चपटं, म्हणजे चाकावरचं प्लॅस्टिकचं झाकण त्याने उचकटता येतं. लांबी साधारण २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी जास्त. डिकीत मावावा म्हणून तो आखूड केलेला असतो आणि सगळी रडकथा तिथूनच सुरू होते.

नटाला फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, हा दोन गोष्टींचा गुणाकार असतो: तुम्ही किती दाब देता आणि नटापासून किती लांबवर देता. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांब पान्याच्या टोकावर १० किलोचं वजन टांगलं, तर नटावर सुमारे १०० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. छोट्या-मध्यम गाड्यांचे चाकाचे नट साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. मोठ्या, जड गाड्यांना याहून जास्त लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या माहितीपुस्तिकेत असतो.

आता हिशेब करा. ११० न्यूटन-मीटरचा नट २५ सेंटीमीटरच्या पान्याने फिरवायचा, तर टोकावर सुमारे ४५ किलोचा दाब लागेल. हा झाला व्यवस्थित आवळलेल्या नटाचा हिशेब. पण नट वर्षभर पावसापाण्यात गंजलेला असतो, किंवा गॅरेजमधल्या पोऱ्याने हवेच्या गनने तो कचकचून आवळलेला असतो. मग सुटताना २०० न्यूटन-मीटर लागले तरी नवल नाही. म्हणजे त्याच पान्यावर ८० किलो, अख्ख्या माणसाचं वजन. पान्यावर उभं राहून उड्या मारणारे लोक दिसतात ते यासाठी. तोच पाना ५० सेंटीमीटरचा असता, तर निम्म्या वजनात काम झालं असतं.

म्हणून मला विचाराल, तर विकत घ्यायचं पहिलं हत्यार म्हणजे लांब दांड्याचा पाना. आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याचा मिळतो, मिटला की फूटभर आणि उघडला की दीड-पावणेदोन फूट. पुढे लावायचं सॉकेट आपल्या नटाच्या मापाचं हवं. चाकाचे नट बहुतेक १७, १९ किंवा २१ मिलिमीटरचे असतात, आणि पुष्कळ पान्यांबरोबर १७-१९ आणि २१-२३ अशी दुतोंडी सॉकेटं येतात. सॉकेट आतून सहा कोनांचं घ्या. बारा कोनांचं सॉकेट नटावर पटकन बसतं खरं, पण ते नटाला कोपऱ्यांच्या टोकांपाशी धरतं. घट्ट नटावर जोर दिला की ते कोपरे झिजून नट गोल होतो, आणि एकदा नट गोल झाला की ते काम रस्त्यावरचं राहत नाही.

दुसरा लोकप्रिय प्रकार म्हणजे प्लस पाना, अधिकच्या चिन्हासारखा, चार टोकांना चार मापांची सॉकेटं असलेला. त्याच्याबद्दल थोडा गैरसमज आहे. तो दिसायला दणकट, म्हणून त्यात जोर जास्त असं वाटतं. प्रत्यक्षात ४० सेंटीमीटरच्या प्लस पान्यात प्रत्येक हाताच्या वाट्याला मध्यापासून २० सेंटीमीटरच येतात. एक हात वर ओढतो, दुसरा खाली दाबतो. त्यामुळे ११० न्यूटन-मीटरसाठी प्रत्येक हाताला २८ किलोच्या आसपास जोर लावावा लागतो. दोन्हींची बेरीज ५६ किलो. एकाच बाजूला तेवढाच ४० सेंटीमीटरचा दांडा असता, तर २८ किलोतच भागलं असतं. मग त्याचा उपयोग काय? समतोल. वर ओढणारा आणि खाली दाबणारा जोर सारखा असल्यामुळे पाना नटावरून तिरका होऊन निसटत नाही. एल पान्याला बाजूचा झटका बसतो, सॉकेट अर्धवट बसलेलं असेल तर ते सटकतं आणि बोटांची सालपटं निघतात. शिवाय नट एकदा ढिला झाला की प्लस पाना भिंगरीसारखा फिरवता येतो, नट क्षणात बाहेर. मी स्वतः पहिला झटका लांब दांड्याने देतो आणि उरलेलं काम प्लस पान्याने करतो. चैन आहे, कबूल.

पाना कुठल्या दिशेला लावायचा, हेही कुणी सांगत नाही. चाकाकडे तोंड करून बसा. नट सोडायचा असेल तेव्हा दांडा डाव्या हाताला आडवा येईल असा लावा आणि खाली दाबा. खाली दाबताना शरीराचं वजन कामाला येतं. वर ओढताना फक्त पाठ कामाला लागते, आणि दुसऱ्या दिवशी ती आठवण करून देते. आवळताना याच्या उलट, दांडा उजवीकडे आणि दाब खाली. हातांनी भागत नसेल, तर गाडीचा आधार घेऊन दांड्याच्या टोकावर पाय ठेवा आणि हळूहळू भार टाका. उडी मारू नका. त्या धक्क्यात पाना निसटतो आणि नडगीवर येतो. सॉकेट नटावर तळापर्यंत बसलंय ना, हे आधी बोटांनी चाचपून पाहा.

हे सगळं गाडी जमिनीवर असतानाच करायचं. टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण चाकाला धरून ठेवतं, म्हणून सगळा जोर नटावर जातो. या टप्प्यावर नट फक्त अर्धा फेरा ढिले करायचे, काढायचे नाहीत.

पाचर: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

जॅक लावण्याआधी गाडी जागची हलणार नाही याची खात्री करायची. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, झालं, असं बहुतेकांना वाटतं. इथे एक खाच आहे.

बहुसंख्य गाड्यांत हँडब्रेक मागच्या दोन चाकांवर चालतो. आणि पुष्कळ छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून गिअर टाकून ठेवला की पुढची चाकं अडतात. पण त्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दात्यांची पेटी असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरता यावं म्हणून ती असते. तिच्यामुळे गिअर अडकवलेला असला तरी एक चाक पुढे आणि दुसरं तेवढंच मागे फिरू शकतं. दोन्ही चाकं जमिनीवर असताना असं होत नाही. त्यातलं एक उचललं, की ते हवेत मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरंही मोकळं होतं. म्हणजे अशा गाडीचं पुढचं चाक उचललं, त्या क्षणी गिअरची पकड संपली. ऑटोमॅटिक गाडीच्या पार्किंग गिअरचंही तेच. आता गाडी फक्त हँडब्रेकवर उभी असते. मागचं चाक उचललं, तर हँडब्रेकचं एक चाक हवेत जातं आणि एकच उरतं.

म्हणून पाचर. उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला, म्हणजे पुढचं डावं उचलायचं असेल तर मागच्या उजव्याला, पुढून आणि मागून अशा दोन पाचरी. लाकडाचे दोन तिरके ठोकळे पुरतात, रबराच्या तयार पाचरीही मिळतात. काहीच नसेल तर दोन दगड, पण ते गोल गोटे नकोत, चपट्या बुडाचे हवेत. पाचर टायरला चिकटवून लावायची. बोटभर जागा सोडली, तर तेवढ्या अंतरात गाडी सरकते, आणि जॅक कोलमडायला तेवढं पुरतं.

उतारावर चाक बदलू नये. अगदीच नाइलाज असेल तर गाडी हळू चालवत सपाट जागा गाठावी. टायर खराब होईल, रिमला मार बसेल, पण त्या दोन्ही गोष्टी परत मिळतात.

जॅक निम्म्याहून जास्त कष्ट वाया का घालवतो?

गाडीबरोबर येणारा जॅक बहुतेक वेळा कैची जॅक असतो: चार पट्ट्यांचा पतंगासारखा चौकोन आणि त्याच्या मधून आडवा गेलेला लांब स्क्रू. स्क्रू फिरवला की चौकोनाचे आडवे कोपरे जवळ येतात आणि माथा वर जातो. जॅक फिरवायच्या सळईला काही जण टॉमी म्हणतात.

साधारण १२०० किलोच्या गाडीचा पुढचा एक कोपरा उचलायला ३५० ते ४०० किलोचा भार घ्यावा लागतो. एका हाताने सळई फिरवणाऱ्याला तो कसा पेलतो? समजा सळईचा फिरणारा भाग मध्यापासून १५ सेंटीमीटर आहे. एका फेऱ्यात तुमचा हात सुमारे ९४ सेंटीमीटर प्रवास करतो. स्क्रूचे आटे ३ मिलिमीटर अंतरावर आहेत आणि जॅकच्या पट्ट्या ४५ अंशांवर उभ्या आहेत असं धरलं, तर तेवढ्या फेऱ्यात गाडी जेमतेम ३ मिलिमीटर उचलली जाते. हाताचा प्रवास गाडीच्या तीनशेपट. मग हाताला लागणारा जोर तीनशे भागांतला एक, म्हणजे ४०० किलोसाठी सव्वा-दीड किलो. प्रत्यक्षात चार-पाच किलो लागतो, कारण बाकीचं सगळं आट्यांतलं घर्षण खाऊन टाकतं.

ही उधळपट्टी आहे असं वाटेल. पण हात सोडला की गाडी वरच थांबते, ती याच उधळपट्टीमुळे. यंत्रशास्त्राचा एक साधा नियम आहे: जो स्क्रू भाराखाली आपोआप उलटा फिरत नाही, त्याची कार्यक्षमता ५० टक्क्यांपेक्षा कमीच असते. भार स्क्रूला मागे ढकलू पाहतो, पण घर्षण त्याहून भारी पडतं. त्यामुळे खूप हलका, गुळगुळीत चालणारा स्क्रू जॅक हवाच असेल, तर त्यात वेगळं कुलूप बसवावं लागेल. कैची जॅकचे आटे इतके आडवे कापलेले असतात की थोडं ग्रीस लावूनही तो घसरत नाही, म्हणून गंजून करकरणाऱ्या जॅकला ग्रीस खुशाल लावा. नटांच्या बाबतीत मात्र वेगळा कायदा आहे, तो पुढे येईल.

पट्ट्यांच्या कोनाचीही एक गंमत आहे. जॅक अगदी बसका असतो तेव्हा पट्ट्या जवळजवळ आडव्या असतात, आणि त्या अवस्थेत स्क्रूवर सगळ्यात जास्त ताण येतो. १५ अंशांवर हा ताण ४५ अंशांच्या जवळजवळ पावणेचारपट असतो. उलट उंची वाढते तशी प्रत्येक फेऱ्याला गाडी कमी कमी उचलली जाते, पण हाताला हलकं वाटतं. सुदैवाने सुरुवातीला सगळा भार जॅकवर आलेला नसतो. आधी गाडीचा सांगाडा वर येतो, स्प्रिंग मोकळी होते, चाक मात्र जमिनीवरच असतं. भार हळूहळू वाढत जातो. गाडीखाली जागा असेल तर जॅकखाली जाड फळी सरकवा. जॅकची पोच फळीच्या जाडीएवढी वाढते.

फळीचा दुसरा फायदा जास्त मोठा. जॅकचा तळ असतो साधारण ८ बाय १५ सेंटीमीटर, म्हणजे १२० चौरस सेंटीमीटर. त्यावर ४०० किलो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर ३ किलोहून जास्त. ओल्या मातीत असा जॅक डोळ्यांदेखत रुततो, आणि रुततानाही सरळ रुतत नाही, एका अंगाला कलतो. त्याखाली ३० बाय ३० सेंटीमीटरची जाड फळी ठेवली की दाब अर्ध्या किलोच्या खाली येतो. मी डिकीत स्टेपनीच्या पोकळीत अशी एक फळी कायमची टाकून ठेवली आहे. घरी तिला कचरा समजून दोनदा बाहेर काढण्यात आलं.

जॅक कुठे लावायचा याचं उत्तर गाडीच्या कडेला खाली वाकून पाहिलं की सापडतं. दाराखालच्या पत्र्याची एक उभी पट्टी जमिनीकडे आलेली असते. चाकाजवळ त्या पट्टीवर दोन खाचा किंवा खुणा असतात. त्यांच्या मधला भाग जाड केलेला असतो, तिथेच जॅक. जॅकच्या माथ्यावर जी खोबण असते, तीत ही पट्टी बरोबर बसते. खुणेपासून बाजूला लावला तर पत्रा पापडासारखा चेपतो.

कैची जॅकऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा बाटलीसारखा किंवा चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅकही असतो. त्यात छोट्या दट्ट्याने तेल ढकललं की मोठा दट्ट्या जास्त जोराने उचलला जातो. काम झपाट्याने होतं, पण तो आतल्या झडपांच्या आणि रबरी सीलांच्या भरवशावर उभा असतो. सील झिजलं की गाडी हळूहळू खाली येते, कधी कधी इतकी हळू की लक्षातही येत नाही. कोणताही जॅक असो, अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली जाऊ द्यायचा नाही. चाक काढलं की ते दाराखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक दगा देऊन गाडी पडलीच, तर ती चाकावर पडेल.

चाक काढणं आणि स्टेपनी

चाक उचलताना एक चूक हमखास होते. पंक्चर झालेला टायर बसका असतो, तो जमिनीपासून जेमतेम सुटला की लोक थांबतात. मग हवा भरलेली स्टेपनी लावायला जावं तर ती मावत नाही. म्हणून आणखी चार बोटं उचला.

नट काढले तरी चाक हबला चिकटून बसलेलं असू शकतं. अॅल्युमिनियमच्या अॅलॉय रिमचा लोखंडी हबशी संपर्क असतो, त्यात पाणी शिरलं की गंज भरतो आणि दोन्ही जणू डिंकाने चिकटतात. अशा वेळी जॅकवर असलेल्या गाडीला लाथा मारत बसू नये. त्यापेक्षा नट परत हाताने लावा, दोन-तीन आटे मोकळे राहतील इतपत, गाडी खाली घ्या, पाचर काढा आणि गाडी फूटभर पुढे-मागे करा. गाडीच्या स्वतःच्या वजनाने चाक सुटतं, 'टक' असा आवाजही येतो. मग पाचर लावून पुन्हा वर. दहा मिनिटं जास्त जातात.

स्टेपनी हा शब्द आपण इतका घरचा मानतो की तो कुठून आला हे विचारत नाही. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाची गल्ली आहे. तिथे डेव्हिस बंधूंनी १९०४ साली मोटारीसाठी जोड-चाक बनवलं: आऱ्या नसलेली, हवा भरलेल्या टायरची रिम, जी पंक्चर झालेल्या चाकाच्या कडेला पकडींनी बसवायची. त्या काळी बहुतेक मोटारींची चाकं सहज निघत नसत. रस्ते घोड्यांच्या नालांच्या खिळ्यांनी भरलेले. पंक्चर झालं की भर रस्त्यात लोखंडी पट्ट्यांनी टायर रिमवरून सोलायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं आणि पंपाने हवा भरत बसायचं. स्टेपनीने हे सगळं पुढे ढकलता येऊ लागलं. खुद्द ब्रिटनमध्ये तो शब्द विसरला गेला, आपल्याकडे मात्र रोज वापरात आहे.

डिकीतली स्टेपनी बाकीच्या चाकांहून बारीक दिसत असेल, तर ती तात्पुरती आहे. अशा चाकात हवा सहसा ६० पीएसआय लागते, म्हणजे नेहमीच्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट, आणि वेगाची मर्यादा बहुधा ताशी ८० किलोमीटर. दोन्ही आकडे तिच्या अंगावरच छापलेले असतात. काही नव्या गाड्यांत तर स्टेपनीच नसते, पंक्चर बुजवणारं द्रव्य आणि छोटा पंप देतात. मग जॅक-पानाही दिलेले नसतात. गाडी घरी आणल्या दिवशीच डिकीचा तळ उचलून पाहिलेलं बरं. तसंच चोरी होऊ नये म्हणून एका नटाला वेगळी नक्षी असेल, तर त्याची जोडकिल्ली कुठे आहे तेही तेव्हाच शोधा. ती नसेल तर बाकी सगळी हत्यारं असूनही चाक निघत नाही.

आवळणं: इथे सगळे घाईत असतात

चाक लावताना ते हातांनी उचलून धरण्यापेक्षा जमिनीवर बसा, दोन्ही पायांची पुढची टोकं टायरखाली घाला आणि पायांनी चाक तरफेसारखं उचला. हात फक्त भोकं जुळवायला. ज्या गाड्यांत हबला आटे पाडलेले खिळे, म्हणजे स्टड असतात तिथे हे सोपं जातं. जिथे सुटे बोल्ट असतात, तिथे भोकं जुळवायला जरा खटपट होते.

प्रत्येक नटाचे पहिले पाच-सहा फेरे बोटांनीच. पान्याने सुरुवात केली आणि नट तिरका बसला, तर आटे कायमचे जातात. नटाची एक बाजू निमुळती असेल तर ती रिमकडे. तिच्यामुळेच नट भोकाच्या बरोबर मध्यात बसतो. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर एक सोडून एक, चांदणी काढतो तसं. ओळीने आवळत गेलात तर चाक एका बाजूने टेकतं आणि दुसरीकडे केसभर फट राहते. थोडं वर असतानाच हलकं आवळा, मग टायर जमिनीला टेकेल एवढी गाडी खाली घ्या आणि पक्कं आवळणं तेव्हा.

आता मघाशी म्हटलं ते घर्षण. चाक बोल्टांवर लटकलेलं असतं असं बहुतेकांना वाटतं, भिंतीवरच्या खिळ्याला पिशवी लटकते तसं. प्रत्यक्षात तसं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, अगदी कडक स्प्रिंगसारखा, आणि तो रिमला हबवर दाबून धरतो. १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडवर ११० न्यूटन-मीटरने आवळलेला नट ढोबळमानाने साडेचार टनांचा दाब देतो. असे चार-पाच नट. वीस टनांच्या आसपासच्या त्या दाबाखाली रिम आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होतं, तेच ब्रेकचा आणि खड्ड्यांचा मार सोसतं. नट ढिले राहिले की दाब कमी, घर्षण कमी, रिम हबवर सूक्ष्म सरकू लागते, आणि स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकून-वाकून थकतो, शेवटी तुटतो.

जास्त आवळल्यानेही काम बिघडतं. स्टड त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला की परत आखडत नाही. ब्रेकच्या डिस्कवर असमान ताण येऊन ब्रेक दाबताना पॅडल थरथरू शकतं. आणि पुढच्या पंक्चरला तो नट कुणाच्याच बापाला सुटत नाही.

इथेच ग्रीसचा प्रश्न येतो. पान्यावर जो जोर तुम्ही लावता, त्यातला जवळजवळ नव्वद टक्के घर्षणात जातो, निम्मा नटाच्या टेकण्याच्या जागी आणि बाकीचा आट्यांत. स्टड ताणायला उरतो तो दहा टक्के. आट्यांना तेल लावलं की घर्षण घटतं, आणि त्याच टॉर्कमध्ये स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. हाताला फरक कळतच नाही. म्हणून कंपनीने स्पष्ट सांगितलं नसेल, तर चाकाचे आटे स्वच्छ आणि कोरडे. तारेच्या ब्रशने गंज झाडा, तेवढं बास.

नेमका टॉर्क मोजायला टॉर्क रेंच मिळतो. त्याच्या दांड्यातल्या स्प्रिंगवर आकडा लावायचा. तेवढा जोर झाला की 'खट' असा आवाज येतो आणि हाताला झटका जाणवतो. एकदा खट झालं की थांबा, खात्रीसाठी आणखी दोनदा खटखट करणारे प्रत्येक वेळी थोडं जास्त आवळतात. मुठीच्या जागीच धरा, कारण त्याचा सगळा हिशेब त्या लांबीवर बेतलेला असतो. त्याने नट सोडू नका. आणि काम झालं की आकडा तळाशी आणून ठेवा, नाही तर आतली स्प्रिंग दबून-दबून चुकीचं सांगायला लागते.

तो डिकीत घेऊन फिरायची गरज नाही. घरी असला तरी चालतो. रस्त्यावर २५ सेंटीमीटरच्या पान्याने आवळताना ४५ किलोचा दाब म्हणजे नक्की किती, हे हाताला माहीत असलं की भागतं. मी घरातला वजनकाटा स्टुलावर ठेवून त्यावर दोन्ही तळहात दाबून पाहिलं होतं. काटा ४५ ला गेला तेव्हा टाचा जमिनीवरून सुटायला आल्या होत्या. अंगाचा बराच भार हातांवर येतो, पण पाय पान्यावर ठेवायची वेळ येत नाही. लांब दांड्याचा पाना वापरत असाल तर हाच दाब लांबीच्या हिशेबाने कमी करा. सोडायला घेतलेल्या लांब पान्याने बेभान आवळून ठेवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांत एकदा मीही होतो.

शेवटचं काम दुसऱ्या दिवसाचं. नव्या लावलेल्या चाकाच्या रिमवरचा रंग, गंजाचे कण, मातीचा थर हे सगळं पहिल्या काही किलोमीटरमध्ये दबतं आणि नटांचा ताण थोडा उतरतो. म्हणून ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर, चाकं थंड असताना, टॉर्क रेंचने सगळे नट पुन्हा तपासा. बहुतेक नट जागचे न हलता लगेच 'खट' करतील. एखादा मात्र बोटाच्या पेराएवढा फिरून मग आवाज देईल.